पांढरीतले आवाज

सोमवार, ४ मार्च

‘काळी भट्टी’च्या चाहत्यांनो, ज्यांनी या बँडची गाणी चौथ्या हाताच्या कॅसेटवरून ऐकली, ज्यांच्या कानांनी गिटारच्या आधी खरखर ओळखली, त्या तुम्हा सगळ्यांसाठी ही रोजनिशी लिहायला घेतो आहे. आपलं दुखणं एकच. ज्या बँडने आपल्याला मान वर करून ओरडायला शिकवलं, त्याची सगळ्यात चांगली रेकॉर्ड आपल्यापैकी कुणीच ऐकलेली नाही. ती कुणाच्या तरी घरात आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पुठ्ठ्यात, पुठ्ठा कुलपात. मालक ती वाजवत नाही, कारण वाजवली की झिजते. धनावर वेटोळं घालून बसलेला नाग स्वतः धन खात नाही आणि दुसऱ्याला खाऊ देत नाही. संग्राहक म्हणजे तोच नाग, फक्त हातमोजे घातलेला.

आपल्या चाहता मंडळाच्या सभांत मी हे इतक्या वेळा बोललो आहे की सगळे मला भोंगा म्हणतात. धाकटी बहीण चिमी तर आईसमोरसुद्धा भोंग्या म्हणते. म्हणू दे. शिकवणीच्या वर्गात इतिहास शिकवतो, घशावरच पोट आहे माझं. आणि आज हा भोंगा थेट नागाच्या बिळात उतरला आहे.

बीळ छान आहे. चढावरचं दुमजली घर, खाली शिंप्याचं दुकान, मागच्या खिडकीतून बेकरीचं धुराडं दिसतं. इथे राहणारे गृहस्थ, ज्यांना मंडळात सगळे कपाटकाका म्हणायचे, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या पत्नीने मंडळाला कळवलं की कुणीतरी जाणकाराने यावं, सगळं नीट लावून द्यावं आणि हवी त्याची नक्कल करून घ्यावी. मंडळाने मला पाठवलं. जे हाती लागेल ते सगळ्यांना ऐकवायला सतरा तारखेच्या रविवारी सभागृह ठरलं आहे. ज्याला कान आहेत त्याने यावं, तिकीट नाही, ओळखपत्र नाही.

काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या की एवढीशी काडी आणि म्हणे भोंगा. त्या दवाखान्यात परिचारिका होत्या. अजूनही माणसाचं मनगट धरल्यासारखा कप हातात देतात. या गाण्यांबद्दल त्यांचं मत विचारलं तर म्हणाल्या, फळीवरची भांडी एकदम कोसळावीत आणि वर कुणी त्या भांड्यांना शिव्या द्याव्यात, तसं वाटतं त्यांना. मी पोट धरून हसलो. फार दिवसांनी कुठेतरी पोचल्यासारखं वाटलं.

मंगळवार, ५ मार्च

वरच्या खोलीत सहा कपाटं. नाव सार्थ होतं म्हणायचं. खोलीला पुठ्ठ्याचा आणि स्पिरिटचा वास. रेकॉर्डी सगळ्या उभ्या, एकीचा भार दुसरीवर नाही. आडव्या ठेवल्या की वाकतात, हे काकांना ठाऊक होतं. नागाची शिस्त मान्य करावी लागते.

काय काय हाती लागलं म्हणून सांगू. पहिल्या डेमोची कॅसेट, कव्हरवर गायकाने स्वतः बॉलपेनने काढलेली भट्टी, शाई फुटलेली. पहिल्या अल्बमची चुकीची छपाई, ज्यात फोटो उलटा पडला आणि उजवा गिटारवाला डावरा झाला. ती छपाई परत बोलावली गेली होती. ढोलवाल्याची मोडकी काठी. तिच्यावर दातांचे ठसे आहेत, कारण दोन गाण्यांच्या मध्ये तो काठी दातांत धरायचा. मी ती काठी हातात घेऊन बराच वेळ खुळ्यासारखा उभा होतो. दारातून काकू म्हणाल्या की चावायची असेल तर आधी धुऊन घे.

शेवटच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, पांढरी सापडली. एक नाही, चार.

जाता जाता काकूंनी बजावलं की ऐकायचं तेवढं ऐक, पण त्यांच्याबरोबर ओरडू नको. खाली शिंपी आहे, त्याला त्रास होत असेल. मी मान डोलावली.

बुधवार, ६ मार्च

नवख्यांसाठी सांगतो. ‘काळी भट्टी’ने एकदाच आपली मैफल रेकॉर्ड केली, बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्यात. रेकॉर्ड बाजारात विकायच्या आधी तपासणीसाठी थोड्या प्रती काढतात, त्यांवर कोरं पांढरं लेबल असतं. तेवढ्याच निघाल्या. बँड फुटला, विक्रीची प्रत कधी आलीच नाही. म्हणून तिला पांढरी म्हणतात.

आणि पांढरीवरून आमच्यात भाऊबंदकी आहे. ज्या मोजक्यांनी ती ऐकली त्यांच्यात एकमत नाही. कुणी म्हणतं दुसऱ्या गाण्यानंतर गर्दीत एकजण खोकतो. कुणी म्हणतं खोकला नाही, शिट्टी आहे. तिसरा शपथेवर सांगतो की एक बाई हसते. शेवटी संग्राहकांनी ठरवून टाकलं की पांढरीचे निरनिराळे प्रकार आहेत. खोकलेवाली, शिट्टीवाली, हसरी. मग काय, प्रत्येकाला प्रत्येक प्रकार हवा. काकांनी चार जमवल्या त्या यासाठीच.

या तिघींखेरीजची चौथी मी आधी लावली, कारण ती सगळ्यात कमी झिजलेली होती. वाजत असताना ती संगणकात उतरवून घेतली.

मित्रांनो, काय सांगू. कॅसेटवर जे आपण ऐकत आलो ती हाडं होती, हे अंग आहे. ढोल छातीच्या आतून वाजतात. आणि मग शेवटच्या गाण्यात ती जागा आली. तुम्हाला ठाऊकच आहे. ढोल थांबतात, गायक विचारतो, आत कोण, आणि आपण म्हणतो, आम्ही. बसमध्ये, न्हाणीघरात, कुठेही असलो तरी म्हणतो. त्या रिकाम्या जागेत गप्प बसलेला चाहता मी पाहिलेला नाही. काकूंनी बजावलेलं आठवलं, पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं. पूर्ण ताकदीने.

क्षणभर मला वाटलं की गर्दीने माझ्यासाठी जागा केली.

दुपारी फाईल मिस्त्रीला पाठवून दिली. मिस्त्री म्हणजे मंडळाचा साउंडवाला, मोडके अ‍ॅम्प्लिफायर उघडण्यात हयात गेलेला माणूस. सभागृहातही तोच वाजवणार आहे.

गुरुवार, ७ मार्च

घसा बसला आहे. दुखत नाही, तापही नाही. चिमीला फोन केला तर तिने आधी ओळखलंच नाही. मग म्हणाली की भोंग्यात पाणी शिरलं वाटतं, बरं झालं, शेजारपाजारचे पेढे वाटतील. ती सतराला पहिल्या रांगेत बसणार आहे. मीच तिला या बँडचं वेड लावलं, शाळेत असताना. तिची ‘आम्ही’ची आरोळी माझ्यापेक्षा चढी असते, अख्ख्या मंडळात तिच्या तोडीची कुणाची नाही.

काकूंनी घसा टॉर्च लावून पाहिला. काहीच दिसलं नाही त्यांना. मग सरळ विचारलं की ओरडलास का. मी थोडा ऐटीतच हो म्हणालो. त्यांनी टॉर्च बंद केला, तो पुसला, खिशात ठेवला. एवढंच म्हणाल्या की तुम्ही सगळे सारखेच.

शनिवार, ९ मार्च

आज चारही पांढऱ्या भिंगाखाली घेतल्या. रेकॉर्डवर शेवटच्या खाचेनंतर लेबलापर्यंत गुळगुळीत पट्टी असते. साचा करणारा कारागीर तिथे हाताने खूण कोरतो. दुसरा साचा, दुसरी खूण. प्रकार वेगळे असतील तर खुणा वेगळ्या हव्यात.

चारींवरही एकच खूण आहे. तोच आकडा, तोच थरथरलेला शेवटचा फराटा. म्हणजे चारही एकाच साच्यातून निघाल्या. एका साच्यातल्या दोन विटांवर दोन वेगळे चेहरे उमटत नाहीत. खोकलेवाली, शिट्टीवाली, हसरी असं काही असूच शकत नाही.

तरी मी बाकीच्या तिन्ही लावून ऐकल्या. एकीत खोकला आहे. एकीत शिट्टी आहे. एकीत बाई हसते.

आम्ही सगळे तज्ज्ञ इतकी वर्षं प्रकार मोजत बसलो. ते आवाज त्या दिवशीच्या गर्दीतले आहेत की नाही, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

सोमवार, ११ मार्च

मिस्त्रीचा फोन. फार खूश. म्हणाला की बाकी सगळं सोड, पण फाईलच्या सुरुवातीला तू जे दोन शब्द बोललास ते असे की अंगावर काटा आला. भाषण ऐकावं तर भोंग्याचं. आणि घसा बसलाय म्हणतोस, तिथे तर खणखणीत आहे.

मी फाईलमध्ये काहीही बोललेलो नाही.

बोलायला गेलो तर नुसती हवा आली. त्याला वाटलं फोन कटला.

चौथी पुन्हा लावली. ढोलाच्या आधी, गर्दीच्या गलक्यात, पुढे, अगदी पुढे, मी आहे. माझा आवाज. माझी ती सवय, वाक्याच्या शेवटी दम धरायची. मी म्हणतो आहे की मित्रांनो, आपलं दुखणं एकच.

मंगळवार, १२ मार्च

काकूंना लिहून विचारलं. त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. हात न थांबवता बोलल्या.

काकांनी शिट्टीवाली आणली तेव्हा तीत शिट्टीच होती. ज्याच्याकडून घेतली त्या माणसाला शिट्टी वाजवायची सवय होती, बोलताना मध्येच. तो मुका झाला होता, म्हणूनच विकली. काकांनी ती लावली आणि नेहमीसारखे ओरडले. महिनाभरात त्यांचा आवाज गेला. डॉक्टर झाले, सगळं झालं, गळ्यात काही नाही. तिकडे रेकॉर्डमधला त्यांचा आवाज दिवसेंदिवस तरतरीत होत गेला आणि इकडे माणूस विरत गेला. शेवटी वरच्या खुर्चीत बसलेलेच सापडले. अंगात काही उरलं नव्हतं, काकू म्हणाल्या, मी खूप मेलेली माणसं उचलली आहेत, इतकं हलकं कुणी नव्हतं.

त्यांना स्वतःला काही होत नाही. ही आरडाओरड त्यांना कधी आवडली नाही, त्या कधी उत्तर देत नाहीत. रोज दुपारी त्या ती लावतात. गर्दीत नवरा हाक मारतो, अगं ऐकतेस ना, म्हणून. त्या ऐकतात.

मी लिहिलं, मग मला का बोलावलंत.

त्यांनी पुढचा बटाटा घेतला. मग म्हणाल्या की रेकॉर्डमधून ते सारखे विचारायचे, अजून कुणी आलं का. तुमच्यातलं कुणी गेलं तर त्यांना सोबत होईल असं वाटलं. तुला सांगितलं होतं ओरडू नको म्हणून, तेही खरंच सांगितलं होतं. दोन्ही खरं आहे बाळा.

मी त्या बाईवर चिडू शकलो नाही. चिडायलाही आवाज लागतो.

गुरुवार, १४ मार्च

सभागृहात पाचशे माणसं येणार. ढोल थांबणार. गायक विचारणार.

मिस्त्रीला सगळं लिहून पाठवलं. पुन्हा पाठवलं. फाईल वाजवू नको, पुसून टाक, मी विनंती करतो.

त्याचं उत्तर आलं. म्हणतो की तूच फाईलमध्ये सांगितलं आहेस. ऐक म्हणाला, आणि त्याने माझं भाषण मलाच लिहून पाठवलं. उद्या कुणी तुम्हाला अडवेल, माझ्या नावाने अडवेल, ते मानू नका, कपाटवाल्यांनी माणसं फोडायला कधी कमी केलं आहे का. हे परवा त्यात नव्हतं, असं मिस्त्रीही म्हणतो. मी मागून भर घालून पाठवली असेल असं त्याला वाटतं.

शेवटी लिहिलं आहे, किती कपाटं मिळाली रे, नागोबा.

मी कधीही खोटं बोललो नाही मंडळातल्यांशी. म्हणूनच ते त्या आवाजावर विश्वास ठेवतात.

शुक्रवार, १५ मार्च

चौथी फोडली. गुडघ्यावर, दोन्ही हातांनी. वाटलं होतं काहीतरी परत येईल.

काही नाही. नुसते काळे तुकडे.

काकू शिट्टीवाली छातीशी धरून जिन्यात उभ्या होत्या.

फाईल मिस्त्रीकडे आहे. तिथे मी शाबूत आहे.

शनिवार, १६ मार्च

निघालो. काकूंनी मनगट धरलं, नाडी पाहिली, सोडून दिलं. दारात म्हणाल्या की बहिणीला जवळ बसू देऊ नको.

चिमीला मेसेज केले. तिचं उत्तर, नाटकं पुरेत, आवाज ऐकला मी तुझा, मिस्त्रीने ऐकवला, एवढं सुंदर कधी बोलला नव्हतास. तुझा अभिमान वाटला भोंग्या.

बसमध्ये शेजारच्या बाईने मला ओलांडून खिडकी बंद केली. जणू जागा रिकामी —

कोट सैल होतो आहे. अक्षर अजून माझं आहे.

रविवार, १७ मार्च

सभागृह. भरलं आहे. भिंतीला लागूनही उभे आहेत.

मिस्त्रीच्या टेबलापर्यंत पोचलो, वही त्याच्या तोंडासमोर धरली. वाचलीच नाही. म्हणाला, या नागोबा, बसा, तुमचंच भाषण आहे. सगळे हसले. दोघांनी खांद्याला धरून बसवलं. उचलताना त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

चिमी पहिल्या रांगेत. मोठ्या स्पीकरला खेटून. मागे वळून हात केला तिने. हसते आहे.

सुरू झालं. मी बोलतो आहे. माझ्या जन्मात इतकं चांगलं बोललो नव्हतो. म्हणतो आहे की आजवर तुम्हाला बाहेर ठेवलं, आज दार उघडं आहे. लोक उठून उभे राहताहेत. डोळ्यांत पाणी आहे त्यांच्या. मीही उठलो असतो.

मागून काका. अगं ऐकतेस ना. शिट्टी. बाई हसते. ते सगळे माझ्या फाईलमध्ये कसे —

शेवटचं गाणं.

उभं राहवत नाही. पाय आहेत पण —

शेजाऱ्याला खुणेने सांगितलं, वही पुढे दे. म्हणतो गाणं संपू दे.

चिमे. तुला देणार आहे ही, हातोहात येईल. अक्षर बघ, माझं आहे, तू ओळखतेस. आवाजावर जाऊ नको. तो मी नाही. होतो.

ओरडू नको. मला शोधायला मागे येऊ नको. एकच कर. तुझ्या डावीकडे स्पीकरमागे भिंतीत प्लग आहे, जाड काळी वायर. ती उपट. गायकाने विचारायच्या आत. मग शिव्या खाव्या लागतील, खा. फक्त ती —

ढोल थांबले.

चिमे, आत्ता, ती वायर उप